एकविसावा दोर

दोमरीच्या गढीवर ऊन उशिरा येतं. पूर्वेला बर्फाचा डोंगर आडवा उभा असल्यामुळे आधी त्याचा माथा तांबडा होतो, मग देवदारांच्या शेंड्यांना रंग चढतो, मग उतारावरच्या मक्याच्या आणि कुट्टूच्या शेतांवरून ते ऊन एकेक पायरी उतरत येतं, आणि गावातल्या चुलींवर लोणी घातलेला चहा दोनदा उकळून झाल्यावर कुठे खाली दोमचू नदीच्या पाण्याला लागतं. इतकं हिरवं खोरं त्या अख्ख्या सरहद्दीवर दुसरं नव्हतं. उत्तरेची खिंड ओलांडली की उघडंबोडकं पठार, गवताच्या काडीची मारामार. आणि अलीकडे पाहावं तर अक्रोड, वेत, मध, सलगम आणि धान्याने भरलेली कोठारं. अशा जागेवर कुणाची वाकडी नजर न पडेल तर नवल.

खोऱ्यात मोनपा लोक राहत. अंगमेहनतीची, हसरी माणसं. डोक्यावर याकच्या केसांची काळी टोपी, तिला पावसाचं पाणी निथळायला पाच शेपट्या, आणि कमरेला लाकडी म्यानातली लांब सुरी. दख्खनचे गोसावी मोती-पोवळी घेऊन हिमालय चढायचे आणि कस्तुरी नि लोकर घेऊन परतायचे, त्या काळातली ही गोष्ट आहे. गढीचा किल्लेदार योंतेन तेव्हा साठीला आला होता. पोटी मूलबाळ नव्हतं, शिबंदी जेमतेम चाळीस माणसांची. पण त्याचा शब्द खोऱ्यात खाली पडत नसे.

उत्तरेकडून खोऱ्यात यायची सरळ वाट एकच, वेताचा पूल. पलीकडचा काठ म्हणजे उंच ताशीव कडा, अलीकडचा काठ सखल आणि उघडा, आणि मधे साठ हात खाली दोमचूचा खळखळाट. हा पूल गावाने बांधलेला, पण गावाचा म्हणून नव्हे. वीस घरांचे वीस दोर. प्रत्येक घराने आपल्या वाटणीच्या रानातला वेत आणायचा, आपल्या हाताने वळायचा आणि दोन्ही काठांच्या खुंटांना आपल्या हाताची गाठ मारायची. ज्याचा पुलात दोर तो गावकरी. ज्याचा नाही तो पाहुणा, मग तो तिथे चाळीस वर्षं का राहीना. आणि एका घराच्या गाठीला दुसऱ्या घराचा हात लागायचा नाही, अशी आण होती. शत्रू आला तर पूल तोडत नसत, सोडत. गढीवरचं लांब शिंग वाजलं की घराघरातलं माणूस येई, आपली गाठ सोडी, दोर गुंडाळून घरी नेई. दोरावर कुऱ्हाड पडायची ती एकाच प्रसंगी, घर निर्वंश झालं म्हणजे. लामा मंत्र म्हणत, किल्लेदार घाव घाली, दोर नदीत जाई. जित्या माणसाचा दोर कापणं म्हणजे त्याला जितेपणी तिरडीवर चढवणं. आपण म्हणू, काय हा खुळेपणा. पण ज्यांना रोज साठ हात पोकळीवरून, दुसऱ्याने मारलेल्या गाठीच्या भरवशावर पाऊल टाकायचं असतं, त्यांना ती आण खुळी वाटत नसे.

या वीस दोरांत पहिला बांधायचा तो मूळदोर. तो गोंबूच्या घराण्याचा. सात पिढ्यांचा मान होता. हा गोंबू गढीच्या शिबंदीचा नाईक. रेड्यासारखं अंग, हात लांब, तलवारीत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. माणूस खोटा नव्हता आणि भित्रा तर मुळीच नव्हता. त्याला एकच रोग जडला होता, आणि त्या रोगाचं नाव होतं हिरागीर गोसावी.

हिरागीर हा मूळचा सातारा प्रांतातल्या एका शिलेदाराचा मुलगा. भाऊबंदकीत घर गेलं, सख्ख्या चुलत्याने दाराबाहेर काढलं, तेव्हा भगवी कफनी चढवून तो गोसाव्यांच्या तांड्याबरोबर निघाला तो हिंडत हिंडत या खोऱ्यात येऊन पोचला. एक हिवाळा राहतो म्हणाला आणि सहा हिवाळे राहिला. मोनपांची बोली शिकला, त्यांच्याबरोबर नांगराला लागला, लोण्याचा चहा नाक न मुरडता प्यायला. शिवाय लहानपण डोंगरी किल्ल्यांवर गेलेलं. चौकी कुठे बसवावी, वाट कुठे दाबावी हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं.

दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडचा लुटारू सरदार राबतेन प्रथम या खोऱ्यावर नजर टाकू लागला, तेव्हा सदरेवर मसलत बसली. गोंबू म्हणाला, चौकी खिंडीच्या तोंडावर बसवू. हिरागीर म्हणाला, खिंडीवर नको, खालच्या वळणावर बसवा, तिथून दिसेल सगळं आणि आपण कुणाला दिसणार नाही. किल्लेदाराने गोसाव्याचं ऐकलं, आणि महिन्याच्या आत त्या वळणावर राबतेनाचे दोन हेर मुद्देमालासकट सापडले. त्याच आठवड्यात किल्लेदाराने भरसदरेत जाहीर केलं, "आजपासून गोसावीबुवा पाहुणे नाहीत. पुलात त्यांचा दोर बांधला जाईल. एकविसावा." आणि जागा कोणती दिली? गोंबूच्या मूळदोराला लागून.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हे. सात पिढ्या ज्याच्या घराने पूल तोलला त्याचं कौतुक कुणाला राहिलं नव्हतं, आणि परवा आलेल्या जोगड्याला शेजारची जागा. गोंबू त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही.

"बायको नाही, पोर नाही, धड चूल नाही," तो बायकोला म्हणाला. "दोर घराचा असतो. याचं घर कुठे आहे?"

देगिन, त्याची बायको, चुलीत लाकूड सारत म्हणाली, "आता आहे म्हणायचं."

"तूसुद्धा?"

"मी काय केलं? त्यांचा दोर बांधून झाला. तुमचा कुणी सोडला नाही. जळून काय होणार?"

खरं होतं तिचं. पण जळणाऱ्याला कारण लागत नाही, नुसतं सरपण लागतं, आणि ते त्याला रोज मिळत होतं. सदरेवर बसलं की किल्लेदार स्वतःच्या हाताने चहाची किटली उचलून हिरागीराचा लाकडी वाडगा भरी, आणि गोंबूचा वाडगा नोकर भरत असे. गोंबूने ते मोजायला सुरुवात केली. एका बैठकीत तीनदा, दुसरीत चारदा. नवं वर्ष लागलं त्या दिवशी किल्लेदाराने पहिला पांढरा रेशमी शेला देवाला, दुसरा लामाला आणि तिसरा गोसाव्याच्या गळ्यात घातला. तिसरा शेला सात पिढ्या मूळदोराच्या घरात येत होता. किल्लेदाराच्या मनात काही नव्हतं, म्हातारा माणूस, विसरला असेल. पण गोंबू तो विसर रात्रंदिवस चघळत राहिला.

आणि अशातच, उन्हाळ्याच्या तोंडावर, खालच्या वळणावरच्या चौकीतून धूर दिसला. राबतेन तीनशे स्वार आणि दीडशे तिरंदाज घेऊन निघाला होता. त्याचा निरोपही आला: निम्मं कोठार आणि वेठबिगारीला शंभर तरुण माणसं द्या, नाहीतर गढी जाळून सगळंच नेतो. आदल्या साली पलीकडच्या खोऱ्यातून त्याने नेलेली माणसं मिठाच्या खाणीत मेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

जासुदांचा अदमास असा की फौज पाच दिवसांवर आहे. किल्लेदाराने हुकूम दिला, तिसऱ्या दिवशी सकाळी शिंग वाजेल, एकवीसही घरांनी दोर सोडावे. पूल नसला की राबतेनाला बारा दिवसांचा वळसा, आणि तोवर पावसाने खिंड बंद.

आता गोंबूच्या मनात काय आलं ते ऐका. फितुरी नव्हे. फितुरीचा विचार त्याला शिवला असता तर त्याने स्वतःची जीभ छाटली असती. त्याने एवढाच हिशेब केला की दोर सोडायच्या दिवशी गोसावी हजर नसावा. हजर नसला की त्याची गाठ सुटणार नाही, कारण घरात दुसरं माणूसच नाही. मग किल्लेदाराला कुऱ्हाड उचलावी लागेल. आणि कुऱ्हाड पडली की एकविसावं घर गावाच्या लेखी मेलं, कायमचं. माणूस मरायचा नाही, नुसता पुन्हा पाहुणा व्हायचा. वळसा घालून येईल बारा दिवसांनी, बसेल सदरेच्या कडेला, आणि त्याचा वाडगा नोकर भरेल.

हे त्याने चुलीपाशी बसून देगिनला सांगितलं. ती म्हणाली, "करू नका." तो उठून गेला.

पुलाच्या तोंडाशी त्याने हिरागीराला गाठलं. "बुवा, धन्यांचा हुकूम आहे. वरच्या कुरणावर गुराखी अडकलेत, त्यांना खाली घेऊन या. शिंग वाजायच्या आत परतता येईल."

"मीच का? आपली माणसं वाट जास्त जाणतात."

"धन्यांचा तुमच्यावर जास्त विश्वास," गोंबू म्हणाला. हे शब्द तोंडातून काढताना त्याला जे वाटलं ते त्याचं त्याला ठाऊक. हिरागीराने मान लववली आणि पूल ओलांडून गेला. शंका घ्यावी असं त्याला काही वाटलं नाही. शिबंदीचा नाईक धन्याच्या नावाने खोटं बोलेल हे कुणाला वाटावं?

वरचं कुरण दीड दिवसाच्या चढावर. गुराखी आठ दिवसांपूर्वीच दुसऱ्या उताराने खाली आले होते, हे गोंबूला पक्कं माहीत होतं. हिरागीराने तिथे जाऊन रिकामे गोठे पाहिले, थंड राख पाहिली, आणि तो समजायचं ते समजला. पण कुरणाच्या कडेवरून त्याला दुसरंही काही दिसलं. राबतेनाने थकलेली जनावरं आणि सामान मागे टाकून निवडक माणसं दौडत पुढे आणली होती. पाच दिवस कसले, फौज उद्यावर येऊन ठेपली होती. हिरागीर तसाच माघारी पळत सुटला.

तिसऱ्या दिवशी शिंग वाजलं. घरोघरची माणसं पुलाशी आली. म्हाताऱ्यांनी नदीला माथा टेकला, मग एकामागून एक गाठी सुटू लागल्या. पहिल्यांदा गोंबूने मूळदोर सोडला, तोच रिवाज होता, आणि मग बाकीच्यांनी. पलीकडच्या काठावरच्या गाठी सोडायला गेलेली माणसं उरलेल्या दोरांवरून परतत होती. दुपारपर्यंत वीस दोर गुंडाळून झाले आणि नदीवर फक्त एक राहिला, कड्यावरून उतरत आलेला, एकटा.

"धनी," गोंबू किल्लेदारासमोर जाऊन म्हणाला, "गोसावी आले नाहीत. गावाच्या वेळेला जो हजर नाही त्याचं घर नाही. रिवाज आपण जाणता."

"रिवाज मला शिकवू नकोस. ते कुठे गेलेत?"

"कुणाला सांगून गेले नाहीत."

किल्लेदाराने त्या दोराकडे पाहिलं. लामा कुऱ्हाड घेऊन शेजारी उभा होता. म्हाताऱ्याने ती हातात घेतली, तोलली, आणि जमिनीवर ठेवून दिली.

"जित्या माणसाचा दोर मी कापणार नाही. फौजेला दोन दिवस आहेत. ते येतील."

"आणि नाही आले तर?"

"गोंबू, तू न सांगता कुठे गेला असतास तरी मी असाच थांबलो असतो."

गोंबूला हे खोटं वाटलं. म्हातारा खरं बोलत होता, पण मत्सराने कान भरलेल्या माणसाला खरं ऐकू येत नाही. त्याला एवढंच दिसलं की ज्याच्यासाठी रिवाज मोडतो असा एक माणूस या खोऱ्यात आहे आणि तो आपण नव्हे.

इतक्यात पलीकडच्या चौकीतून काळा धूर उठला. मग अजून पलीकडेच असलेले वळणावरचे पहारेकरी कड्यावरून हात हलवताना दिसले, आणि मग पुलाची वाट सोडून रानात दिसेनासे झाले. काठावर एकच कालवा उडाला. फौज देवदारांत पोचली होती. कुणी म्हणेल, एका दोरावरून एका वेळी एक माणूस, तो अलीकडे आला की उडवा त्याची मान. पण एक दोर शाबूत असला की त्यावरून दहा ओढता येतात, आणि उंच कड्यावरून दीडशे तिरंदाज बाण टाकत असताना खालचा उघडा काठ धरून बसणं चाळीस माणसांच्या शिबंदीला जमलं नसतं. संध्याकाळपर्यंत पूल उभा राहिला असता आणि अंधार पडायच्या आत गाव बेचिराख झालं असतं.

आता कुऱ्हाड उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गोंबूनेच ती उचलली. मनात केलेला हिशेब हा नव्हता. आणि त्याच वेळी कुणीतरी ओरडलं, "बुवा."

पलीकडच्या कड्यावरच्या अरुंद वाटेने भगवं वस्त्र धावत येत होतं. वाट खडकात कोरलेली, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पोकळी, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. हिरागीर पुलाच्या तोंडाशी पोचला. दोराला वेताचं कडं अडकवलेलं होतं. त्यात बसून घसरलं की अलीकडचा काठ. पण मागे दोन वळणांवर राबतेनाची माणसं दिसत होती. तो अलीकडे पोचून गाठ सोडेपर्यंत ती तोंडाशी आली असती, आणि मग त्याच्यामागून दोर त्यांचा. हिरागीराने एकदा मागे पाहिलं, एकदा गावाकडे पाहिलं आणि खुंटाशी खाली बसून तो पलीकडची गाठ सोडू लागला.

गाठ पलीकडून सुटली की पूल संपला आणि सोडणाराही संपला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. किल्लेदाराने डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"असा माणूस या खोऱ्याच्या पोटी जन्माला आला नाही," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने हळूच म्हटलं होतं. पण गोंबूने ऐकलं.

माणसाच्या मनात काय कालवाकालव होते ते देव जाणे. पश्चात्ताप होता, नाही असं नाही. आपल्यामुळे हा तिथे अडकला हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला पश्चात्तापाहून मोठं काहीतरी त्याच्या छातीत उठलं. हा माणूस इथे मरणार, आणि मग याच्याशी बरोबरी करायला जागाच उरणार नाही. जिवंत माणसाला कधीतरी मागे टाकता येतं. मेलेल्याला कोण टाकणार? गोंबूने कुऱ्हाड फेकली, पाठीवर ढाल टाकली, दुसरं कडं दोरात अडकवलं आणि हातापायांनी ओढत तो दोरावर चढू लागला.

"गोंबू, मागे फिर," किल्लेदार म्हणाला. "मी हुकूम देतोय."

गोंबूने धन्याचा हुकूम आयुष्यात प्रथमच मोडला.

दोरावर माणूस पाहून हिरागीराला हात थांबवावे लागले. गोंबू चढ ओढत कड्यावर पोचला तेव्हा त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. राबतेनाची पहिली माणसं शेवटच्या वळणावर आली होती.

"नाईक, आपण इकडे कशाला आलात?"

"निरोप धन्यांचा नव्हता," गोंबू धापा टाकत म्हणाला. "माझा होता. गुराखी खाली आलेत हे मला माहीत होतं."

"रिकामे गोठे पाहिले तेव्हाच कळलं."

"मग शिव्या द्या."

"वेळ नाही."

"मग उठा. तुमची गाठ त्या काठावरून सोडा. इथे मी उभा राहतो. ही वाट माझ्या खांद्याएवढीच रुंद आहे."

"मी मरायच्या तयारीने बसलोय, नाईक. आपल्याला घरी बायको आहे."

"तुम्ही मरायला बसलात तेच तर मला बघवत नाही," गोंबू म्हणाला. "सहा वर्षं तुमचंच नाव ऐकतोय. धन्यांच्या हातचा चहा तुम्हाला, मसलत तुमची, शेला तुम्हाला. आता इथे पडलात की शंभर वर्षं या खोऱ्यात तुमचंच नाव. बुवा, एवढं तरी मला ठेवा."

हिरागीराने त्याच्याकडे पाहिलं. त्या मोठ्या, घामाने थबथबलेल्या चेहऱ्यावर भीती नव्हती आणि दयाही नव्हती, उघड उघड हेवा होता. चुलत्याच्या दारातून बाहेर पडताना आपलं तोंड कसं झालं होतं ते त्याला एकदम कळलं. तो उठला, दोराच्या वेती कड्यात बसला आणि त्याने पाय सोडले.

दोर उतरता होता, त्यामुळे हिरागीर झपाट्याने खाली आला. मागे तलवारींचा खणखणाट सुरू झाला तो त्याला नदीच्या आवाजावरही ऐकू येत होता. काठाला पाय लागताच तो खुंटाशी बसला. गाठ ओल्या वेताची, घट्ट बसलेली. दोन बोटांची नखं उचकटली तरी त्याने सोडायचं थांबवलं नाही. भोवती चाळीस माणसं उभी होती, पण हात लावायला कुणी पुढे झालं नाही, आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही. वर गोंबू वाट अडवून उभा होता. पहिला पडला, दुसरा पडला, तिसऱ्याने मागे सरकून तिरंदाजांना जागा दिली. ढालीवर चार बाण बसले, पाचवा मांडीत, सहावा गळ्याखाली. गोंबू गुडघ्यावर आला तरी वाटेतून हलला नाही. त्याच्या अंगावरून उडी मारून पहिला शत्रू दोराला हात घालणार तोच अलीकडची गाठ सुटली, आणि एकविसावा दोर हवेत सळसळत जाऊन पलीकडच्या कड्यावर आपटला.

राबतेन दोन दिवस त्या कड्यावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी आभाळ भरलं, खिंडीत पाऊस सुरू झाला, आणि माघारीची वाट बंद व्हायच्या भीतीने तो आल्या पावली परत गेला. कोठार वाचलं, शंभर माणसं वाचली, गढी वाचली. मोनपांच्या बायकांनी गोंबूचं गाणं रचलं. धन्याचा हुकूम मोडून, परक्या माणसाच्या जागी मरायला गेलेला मूळदोराचा धनी, असं ते गाणं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात ते घराघरात गेलं.

नवव्या दिवशी, गोंबूच्या नावाने मठात दिवे लावून झाल्यावर, किल्लेदाराने सदर भरवली. एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारण्यावाचून त्याला सुटका नव्हती.

"गोसावीबुवा, दोर सोडायच्या दिवशी आपण हजर नव्हता. त्यापायी पूल राहिला आणि माझा नाईक गेला. आपल्याला वर कुणी धाडलं होतं?"

बायकांच्या बाजूला देगिन बसली होती. तिची मान खाली होती.

हिरागीर उठून उभा राहिला. खरं सांगितलं तर त्याचा दोर राहणार होता. आयुष्यात एकदा घर गेलं होतं, दुसऱ्यांदा मिळालं होतं, आणि तिसऱ्यांदा मिळायचं वय राहिलं नव्हतं, हे त्याला नीट कळत होतं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मी माझ्या मनाने गेलो. वाटलं, वेळ आहे. चूक माझी."

किल्लेदाराने ते मानलं नाही, त्याच्या तोंडावरून दिसत होतं. पण सदरेवर दिलेला जबाब म्हणजे जबाब. त्याने डोळे मिटून निवाडा दिला. एकविसावा दोर पुन्हा बांधला जाणार नाही. बुवांनी खोऱ्यात हवं तितकं राहावं, पाहुणे म्हणून. मग किटली उचलून तो स्वतः वाडगा भरायला आला, तेव्हा हिरागीराने वाडग्यावर हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो निघाला. दक्षिणेला उतरणाऱ्या पाऊलवाटेवर, शेवटच्या अक्रोडाखाली, देगिन उभी होती. हातात कुट्टूच्या पिठाची आणि सुकवलेल्या पनीरची पिशवी. ती त्याच्या हातात देऊन म्हणाली, "बुवा, सदरेवर खोटं का बोललात?"

"कसलं खोटं, बाई?"

"निरोप त्यांचा होता. माझ्यासमोर ठरवला. मी नको म्हटलं."

हिरागीर म्हणाला, "गेलेल्या माणसाच्या नावाला बोल लागायला नको होता."

"उपकार केलेत."

"तसं नव्हे."

"तसंच. ऐकून घ्या आता." तिचा आवाज चढला नव्हता. "सहा वर्षं तो माणूस तुमच्यावर जळत होता. घरात जेवताना जळायचा, निजताना जळायचा. एकदाच तुमच्या पुढे गेला, आणि त्यासाठी त्याला मरावं लागलं. नऊ दिवस मी मनाची समजूत घालत होते, की निदान तेवढं तरी त्याचं झालं. आणि काल तुम्ही भरसदरेत उभे राहिलात, दोर सोडलात, घर सोडलंत, नाव सोडलंत, आणि पुन्हा त्याच्या पुढे गेलात. मेल्यावरसुद्धा त्याला मागे टाकलंत. गावाला कळणार नाही. मला कळतं. गाणं मला जन्मभर म्हणायचं आहे, आणि म्हणताना दर वेळी तुम्ही डोळ्यांसमोर येणार आहात."

खाली गावातून हाका ऐकू आल्या. नवा पूल बांधायला माणसं जमली होती, आणि मूळदोर बांधल्याखेरीज बाकीच्यांना हात लावता येत नव्हता. देगिन वळली आणि उतरणीने चालू लागली.

हिरागीराने तिचं बोलणं खोडून काढलं नाही. काढता आलं नसतं. काल सदरेवर ते खोटं उच्चारताना, किल्लेदाराचा पडलेला चेहरा आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर झेलताना, आपण गोंबूपेक्षा मोठे आहोत असं त्याला क्षणभर वाटलं होतं, आणि ते त्याला फार गोड लागलं होतं.